टीजी-७ आणि पीटी-०५९ हाउसिंग: आपल्या गढूळ समुद्रात छायाचित्रणासाठी कितपत उपयोगी?

डायव्हिंग करताना कॅमेरा सोबत न्यायचा विचार असलेल्याने आधी आपण ज्या पाण्यात उतरणार ते पाणी पाहावे आणि मग दुकानात जावे. मासिकांच्या मुखपृष्ठांवर जी छायाचित्रे दिसतात ती बहुतेक इंडोनेशियातील, मालदीवमधील किंवा तांबड्या समुद्रातील असतात. तिथे वीस-पंचवीस मीटर अंतरावरचा प्रवाळही स्पष्ट दिसतो. मालवण-तारकर्लीचा किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडभोवतीचा समुद्र तसा नाही. खाड्यांमधून येणारा गाळ, प्लवकांची रेलचेल आणि उथळ तळावरून उसळणारी माती यांमुळे हे पाणी बहुतेक दिवस हिरवट असते आणि दृश्यता काही मीटरच्या पुढे जात नाही. मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट त्या मानाने बरेच स्वच्छ आणि अंदमान-लक्षद्वीपची तर गोष्टच वेगळी. पण महाराष्ट्रातल्या डायव्हरचे बहुतेक डाइव्ह याच किनाऱ्यावर होतात. म्हणूनच ओएम सिस्टमच्या टीजी-७ या छोट्या कॅमेऱ्याचे, त्याच्यासाठी बनवलेल्या पीटी-०५९ या हाउसिंगचे (कॅमेरा पाण्याखाली नेण्याच्या जलरोधक पेटीचे) आणि त्यांच्या जोडीला लागणाऱ्या वस्तूंचे हे परीक्षण मी आपल्या पाण्याच्या कसोटीवर लिहीत आहे. स्वच्छ पाण्यातली मोजमापे इथे फारशी कामाची नाहीत.

गढूळ पाण्यात छायाचित्र बिघडते ते भिंग आणि विषय यांच्यामध्ये तरंगणाऱ्या कणांमुळे. फ्लॅशचा प्रकाश त्या कणांवर आपटून परत येतो आणि चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. डायव्हर त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. यावर खरा उपाय एकच आहे: मधले पाणी कमी करणे, म्हणजे विषयाच्या शक्य तितके जवळ जाणे. दोन मीटरवरून काढलेला हेकरू मासा धुरकट येतो, पण तीन सेंटिमीटरवरून काढलेली न्युडिब्रँक, म्हणजे कवच नसलेली रंगीत समुद्री गोगलगाय, त्याच दिवशी, त्याच पाण्यात स्वच्छ येते. जो कॅमेरा अगदी जवळून फोकस करतो तो आपल्याकडे जिंकतो, आणि टीजी-७ चे सर्वांत मोठे बळ नेमके इथे आहे.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झालेला हा कॅमेरा आधीच्या टीजी-६ हून फार वेगळा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. सेन्सर तोच १/२.३ इंची आणि १२ मेगापिक्सेलचा, भिंग तेच २५ ते १०० मिलिमीटर समकक्ष, विशाल कोनात एफ/२ पर्यंत उघडणारे. यूएसबी-सी आले, पकड थोडी सुधारली, आणि हाउसिंगही टीजी-६ चेच चालते. ज्यांच्याकडे टीजी-६ आहे त्यांनी नव्या कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत. ते पैसे प्रकाशावर घालावेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र टीजी-७ घ्यावा, कारण चार्जिंगची वेगळी वायर सांभाळावी लागत नाही आणि पुढे सुटे भाग मिळण्याची शक्यताही नव्या वस्तूची अधिक.

या कॅमेऱ्याची मायक्रोस्कोप पद्धत भिंगापासून १ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते. मोठ्या कॅमेऱ्याला असे काम करायला स्वतंत्र मॅक्रो भिंग, त्याच्या मापाचा पोर्ट, म्हणजे हाउसिंगचा पुढचा काचेचा भाग, आणि बहुधा वर लावायचे डायॉप्टर हे जास्तीचे भिंग लागते. इथे मोड डायल फिरवला की झाले. कुठल्याही खडकावर बोटाच्या पेराएवढी एखादी न्युडिब्रँक सापडली, की या पद्धतीत तिच्या डोक्यावरच्या दोन शिंगांच्या वळ्या आणि पाठीवरच्या कल्ल्यांची झुलणारी फुले एकेक करून मोजता येतील इतकी स्पष्ट येतात. पण एवढ्या जवळ गेल्यावर फोकसची खोली जेमतेम मिलिमीटरभर उरते. लाटेच्या ओढीने शरीर जरासे हलले तरी शिंगांऐवजी शेपटी फोकसमध्ये येते. फोकस एका अंतरावर ठेवून स्वतः अगदी हळू पुढे-मागे होत छायाचित्रे घेत राहणे हीच रीत उपयोगी पडते. कॅमेऱ्यात वेगवेगळ्या फोकसची छायाचित्रे जोडून एक करण्याची सोय आहे, परंतु ती हलत्या पाण्यात आणि हलत्या जिवावर क्वचितच साधते. तिच्याकडे पाहून कॅमेरा विकत घेऊ नये.

आता मर्यादा. शटरचा वेग हाताने ठरवण्याची सोय टीजी-७ मध्ये नाही. सगळे कॅमेऱ्यावर सोपवणारी प्रोग्राम आणि भिंगाचे छिद्र आपण ठरवायची अॅपर्चर या दोनच पद्धतींवर भागवावे लागते. अॅपर्चरमध्येही विशाल कोनात एफ/२, एफ/२.८ आणि एफ/८ एवढे तीनच पर्याय आहेत आणि त्यातल्या एफ/८ ला प्रत्यक्षात आतला एनडी फिल्टर पुढे येऊन प्रकाश कमी करतो. म्हणजे छिद्र लहान करून फोकसची खोली वाढवावी ही मोठ्या कॅमेऱ्यावरची सवय इथे चालत नाही. मागची पार्श्वभूमी काळी हवी की हिरवी, हे ठरवायला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे चित्र उजळ-गडद करण्याची सोय, आणि फ्लॅशची ताकद यांच्याशी खेळत बसावे लागते. सेन्सर लहान असल्याने आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवली की दाणे लवकर दिसू लागतात. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली, फाइल मिळते, आणि ती घ्यावीच, कारण पाण्याखालचा हरवलेला लाल रंग परत आणायला जेपेग अपुरी पडते. तसे पाहता कॅमेऱ्यात उथळ, मध्यम आणि खोल पाण्यासाठी रंग सावरणारे तीन वेगळे व्हाइट बॅलन्स दिलेले आहेत आणि फ्लॅशशिवाय काढलेल्या चित्रांना ते बऱ्यापैकी सावरतात. आपल्या हिरव्या पाण्यात मात्र त्यांचा अंदाज अनेकदा चुकतो, कारण ते निळे पाणी गृहीत धरून बनवलेले वाटतात.

पीटी-०५९ हे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे हाउसिंग ४५ मीटरपर्यंत चालते. कॅमेरा स्वतःच १५ मीटरपर्यंत जलरोधक असताना वर हाउसिंग कशाला, असे पुष्कळजण विचारतात. डायव्हिंगच्या पहिल्या, म्हणजे ओपन वॉटर, प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आणि पुढच्या अॅडव्हान्स्डची ३० मीटर आहे. पहिल्याच पायरीवर कॅमेऱ्याची मर्यादा ओलांडली जाते. दर १० मीटरला सुमारे एका वातावरणाएवढा दाब वाढतो. ३० मीटरवर हाउसिंगच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर बाहेरून सुमारे तीन किलोचा जास्तीचा भार असतो आणि तळहाताएवढ्या भागावर तो तीनशे किलोच्या घरात जातो. शिवाय उघड्या कॅमेऱ्याची बटणे दाबाने आत जाऊन अडकू शकतात, आणि बाहेरचा फ्लॅश किंवा वेट लेन्स, म्हणजे पोर्टवर बाहेरून चढवायचे भिंग, जोडायला नीट जागाच नसते.

हाउसिंग आणि आतला कॅमेरा दोन्ही जलरोधक असणे हे या जोडीचे असे वैशिष्ट्य आहे ज्याची किंमत मोठ्या कॅमेऱ्यांच्या मालकांनाच नीट कळते. हाउसिंगमध्ये दहा-बारा मीटरवर पाणी शिरले, तर भिंग बदलता येणारा मोठा मिररलेस कॅमेरा त्याच क्षणी संपतो. टीजी-७ वर आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, कोरडा करून पुन्हा वापरता येतो. अट एकच, की बॅटरीचे आणि यूएसबीचे झाकण नीट लॉक केलेले हवे. हाउसिंगमध्ये कॅमेरा घालताना ‘आत तर जाणार आहे’ म्हणून ही झाकणे न तपासणारे पुष्कळ दिसतात. तसे केले तर दुसरी भिंत असून नसल्यासारखीच.

बटणांची रचना चांगली आहे. मागची सर्व बटणे, झूमचा दांडा, मोड डायल आणि शटर बोटाला सहज लागतात आणि पातळ हातमोजे घालूनही त्यांचा स्पर्श ओळखता येतो. पुढच्या पोर्टला ५२ मिलिमीटरचे आटे आहेत, त्यामुळे वेट लेन्स पाण्याखाली असतानाच चढवता-उतरवता येते. सपाट पोर्टचा तोटा भौतिकशास्त्रातलाच आहे: पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने २५ मिलिमीटरचा कोन पाण्याखाली सुमारे ३३ मिलिमीटरइतका अरुंद होतो. याचा दोष या हाउसिंगला देण्यात अर्थ नाही, सपाट काचेमागचे प्रत्येक भिंग असेच वागते. एक उणीव मात्र मला खरोखर खटकते. कारखान्यातून येताना या हाउसिंगला व्हॅक्यूम झडप नसते. आतली थोडी हवा पंपाने काढून घ्यायची आणि आतला दाब टिकतो की नाही हे किनाऱ्यावरच पाहायचे, ही सोय अॅल्युमिनियमच्या महागड्या हाउसिंगमध्ये रुळली आहे आणि फोनच्या काही हाउसिंगमध्येही आली आहे. कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम हाउसिंगसाठी मोजणाऱ्याला ती मिळायला हवी होती.

ती नाही म्हणून सारा भरवसा ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या कडेच्या रबरी कड्यावर, आणि आपल्या हातांवर राहतो, आणि इथे घाई चालत नाही. ओ-रिंग नखाने किंवा टोकदार वस्तूने कधीही उचकटू नये. दोन बाजूंनी बोटांनी सरकवून तिचा फुगवटा तयार करावा आणि तिथून ती अलगद काढावी. मग ती अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून पूर्ण फिरवावी. डोळ्यांना न दिसणारा वाळूचा कण बोटाला लागतो. खाचेच्या तळाशी, विशेषतः कोपऱ्यांत, मिठाचे पांढरे स्फटिक साठतात. ते धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत. कापसाच्या काड्या टाळाव्यात, कारण त्यांचा एक धागाही सीलखाली राहिला तर पाण्याला वाट मिळते. सिलिकॉन ग्रीस अगदी थोडे घ्यावे, फक्त रिंगला चकाकी येईल इतके. ग्रीसने पाणी अडत नाही, पाणी अडते ते रिंग दबल्यामुळे. जास्तीचे ग्रीस केस आणि वाळू पकडून ठेवण्याचेच काम करते. त्या-त्या उत्पादकाने सांगितलेलेच ग्रीस वापरावे, दुसऱ्या रसायनाचे ग्रीस काही रबरांना फुगवते. झाकण बंद करताना रिंगेची काळी रेघ पारदर्शक अंगातून सलग दिसते का ते पाहावे. पॉलिकार्बोनेटचा हा फायदा धातूच्या हाउसिंगला नाही.

नवे हाउसिंग पहिल्यांदा रिकामेच खाली न्यावे, आत एक कोरडा टिश्यू ठेवून. कॅमेऱ्यासह उतरताना तीन-चार मीटरवर थांबून बुडबुड्यांची रेघ सुटते का ते पाहावे. गळती बहुधा उथळ पाण्यातच सुरू होते, कारण खोल गेल्यावर दाबानेच झाकण घट्ट बसते. कोकणात आणखी एक अडचण आहे ती दमट हवेची. मे महिन्यात होडीच्या उन्हातल्या फळीवर हाउसिंग बंद केले, की आत कोंडलेली दमट हवा थंड पाण्यात गेल्यावर काचेवर धुके धरते. शक्य तितक्या कोरड्या खोलीत, आदल्या रात्री किंवा पहाटे ते बंद करावे, आत सिलिका जेलची ताजी पुडी घालावी आणि होडीवर ओल्या टॉवेलखाली सावलीत ठेवावे.

प्रकाशाशिवाय या जोडीचा अर्धाही उपयोग होत नाही. कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा प्रकाश पोर्टच्या नळीआड अडकतो आणि जवळच्या विषयावर सावली पाडतो; शिवाय तो भिंगाच्या अगदी शेजारून येत असल्याने बॅकस्कॅटरला आमंत्रणच. पहिल्या पाच-दहा मीटरमध्ये लाल रंग पाण्यात शोषला जातो, तो परत आणायलाही विषयाजवळ पांढरा प्रकाश हवा. बाहेरचा फ्लॅश फायबर ऑप्टिक केबलने चालतो: कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकतो, त्याचा प्रकाश केबलमधून बाहेरच्या फ्लॅशपर्यंत पोचतो आणि तो पेटतो. विजेची तार हाउसिंगमधून बाहेर काढावी लागत नाही, त्यामुळे पाणी शिरण्याची एक जागा कमी होते.

या हाउसिंगसोबत मला सर्वांत शोभणारा फ्लॅश म्हणजे बॅकस्कॅटर याच नावाच्या कंपनीचा मिनी फ्लॅश २. तो मुठीत मावतो, १८६५० मापाच्या एका लिथियम बॅटरीवर चालतो, आणि त्याला त्याच कंपनीचा ऑप्टिकल स्नूट जोडता येतो. स्नूट म्हणजे प्रकाशाचा झोत अरुंद करणारी नळी. तिच्यातून फक्त न्युडिब्रँकवर पडेल एवढेच प्रकाशाचे वर्तुळ टाकता येते आणि भोवतालचे गढूळ पाणी काळेच राहते. कण तिथेच असतात, त्यांच्यावर प्रकाश पडत नाही एवढेच. मालवणच्या पाण्यासाठी याहून समर्पक साधन मला माहीत नाही. निशाणा धरायला फ्लॅशमध्ये छोटा दिवा दिलेला आहे आणि तो फार महत्त्वाचा, कारण स्नूटचे वर्तुळ विषयावर आणणे हे शिकण्यातले सर्वांत चिकाटी मागणारे काम आहे. ज्यांना आधी साध्या प्रकाशात हात बसवायचा आहे त्यांनी स्नूट नंतर घ्यावा. जपानच्या इनॉन आणि सी अँड सी या कंपन्यांचे मोठे फ्लॅश अधिक ताकदीचे आणि अधिक रुंद झोताचे आहेत; वेट वाइड लेन्स लावून नेत्राणीचे कडे किंवा अंदमानचे प्रवाळ काढायचे असतील तर तेच घ्यावेत, तेही जोडीने, दोन्ही बाजूंना लांब हातांवर. मालवणात मात्र लांब हातांवरचे दोन फ्लॅश वाहून नेणे म्हणजे नुसते ओझे.

वेट वाइड लेन्सविषयीही तेच. तिच्यामुळे सपाट पोर्टने खाल्लेला कोन परत मिळतो आणि डायव्हर सोबत्याला अगदी जवळून पूर्ण चौकटीत घेता येते. ती लावताना भिंग आणि पोर्ट यांच्यात अडकलेला हवेचा बुडबुडा झटकावा लागतो, नाहीतर चित्राच्या एका कडेला धूसर चंद्रकोर उमटते. वर्षातून एकदा अंदमानला जाणाऱ्याने ती घ्यावी; बाकीच्यांनी आधी तेच पैसे प्रकाशावर खर्च करावेत.

फोनच्या हाउसिंगबद्दल सध्या बरेच विचारले जाते. सीलाइफचे स्पोर्टडायव्हर ४० मीटरपर्यंत चालते आणि त्याच्यासोबत व्हॅक्यूम पंप येतो. डाइव्हव्होल्कच्या सीटच ४ मॅक्समध्ये लवचीक पडद्याआडून फोनचा टचस्क्रीनच वापरता येतो आणि त्याची मर्यादा ६० मीटर सांगितलेली आहे. चलचित्र काढायचे असेल, स्वच्छ पाणी असेल आणि हातात नवा फोन असेल, तर ही साधने खरोखर चांगली आहेत. पण फोनवर जलरोधकतेचा जो आयपी६८ हा शिक्का असतो तो गोड्या पाण्यातल्या चाचणीचा असतो आणि पाण्याने झालेले नुकसान उत्पादक सहसा वॉरंटीत धरत नाहीत. फोनमध्ये आपले बँकेचे व्यवहार, तिकिटे आणि घरच्यांचे क्रमांक असतात. तो समुद्रात नेण्याची जोखीम आणि टीजी-७ नेण्याची जोखीम एका मापाने मोजता येत नाही. शिवाय फोनला बाहेरचा फ्लॅश नीट जुळवणे आजही अवघड आहे, सतत पेटणाऱ्या दिव्यावरच भागवावे लागते आणि त्या दिव्याने लाजाळू जीव बिळात जातात.

टीजी-७ साठी अमेरिकेतील आयकेलाइटचेही हाउसिंग मिळते. ते ६० मीटरपर्यंतचे आणि अंगाने मोठे आहे. रिक्रिएशनल, म्हणजे हौशी, डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर असल्याने पीटी-०५९ ची खोली कमी पडत नाही, आणि लहान अंगाचे हाउसिंग खडकाच्या कपारीत सहज शिरते. नॉटिकॅमसारखी मिररलेसची अॅल्युमिनियम हाउसिंग ही निराळ्या दर्जाची वस्तू आहेत. ज्यांनी छोट्या कॅमेऱ्यावर प्रकाश आणि तरंगण्याचा तोल पक्का केला आहे त्यांनीच तिकडे वळावे.

तोलाचा मुद्दा मी इथे मुद्दाम मांडतो, कारण जवळून छायाचित्र काढणारा माणूस खडकावर ओणवा होतो आणि पाठीमागे त्याच्या पायांतल्या फिन्स काय तुडवतात हे त्याला दिसत नाही. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. एका चित्रासाठी काडीने असा संरक्षित जीव हलवणे, त्याला उघड्यावर आणून ठेवणे किंवा प्रवाळाला धरून स्थिर राहणे हा गुन्हा तर आहेच, आणि असे चित्र जाणकाराला बघताक्षणी ओळखू येते. कॅमेरा हातात घेण्यापूर्वी हात छातीशी बांधून तळापासून वीतभर वर स्थिर राहता येते का, हे जलतरण तलावात पाहून घ्यावे. कोणताही चांगला प्रशिक्षक हा सराव करून घेतो.

खरेदी करताना हाउसिंगसोबतच एक जादा ओ-रिंग, ग्रीसची नळी, सिलिका जेल, दोन जादा बॅटऱ्या आणि हाउसिंग मनगटाला किंवा बीसीडीला (तरंगण्याच्या जाकिटाला) अडकवण्याची गुंडाळी दोरी मागवावी. एकेक वस्तू नंतर परदेशातून मागवली तर टपाल आणि सीमाशुल्क मिळून दोरीही महाग पडते. विमानाने जाताना हाउसिंग बंद करून सामानात टाकू नये. ओ-रिंग काढून वेगळी ठेवावी, नाहीतर हवेच्या दाबातल्या फरकाने झाकण अडकून बसते. १८६५० बॅटऱ्या डबीत घालून केबिन बॅगेतच न्याव्यात. पावसाळ्यात आपल्याकडे डायव्हिंग बंद असते, तेव्हा ओ-रिंग काढून, हाउसिंग दोन-तीन तास गोड्या पाण्यात भिजवून, बटणे पाण्याखाली अनेकदा दाबून आतले मीठ काढावे आणि ते उघडे ठेवून वाळवावे. ऑक्टोबरात नवी ओ-रिंग घालावी.